साधने आली, साधक कधी घडणार?

आपल्या देशातील शाळांमध्ये यंत्रे पोहोचली आहेत काय, हा प्रश्न आता बराचसा मागे पडला आहे. केंद्र सरकारच्या 'यूडायस प्लस' या शालेय माहितीसंकलनानुसार २०२३-२४ या वर्षी देशातील ५७.२ टक्के शाळांमध्ये चालू स्थितीतील संगणक होते आणि ५३.९ टक्के शाळांपर्यंत इंटरनेट पोहोचले होते. उरलेल्या शाळांचा प्रश्न गंभीर आहेच. परंतु शाळेत संगणक नसला, तरी मुलाच्या घरी यंत्र आहे. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात चौदा ते सोळा वर्षे वयोगटातील जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. याच पाहणीतील पुढचा आकडा अधिक बोलका आहे. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासाच्या एखाद्या कामासाठी केला होता. समाजमाध्यमांसाठी तो करणारे ७६ टक्के होते.

मुलाच्या हातातील यंत्र आणि मुलाची विद्या यांच्यामध्ये उभे राहून त्या दोहोंचा मेळ कोणी घालायचा, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ पालकांना यंत्र तरी अपरिचित असते किंवा अभ्यास तरी. शासन यंत्र पुरवू शकते, वर्गात उभे राहू शकत नाही. कंपन्या पाठ विकू शकतात. समोरच्या मुलाला तो कळला नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना ओळखता येत नाही. उरतो तो शिक्षक. आणि शिक्षक घडतो तो बी.एड. आणि डी.एल.एड.च्या वर्गांत. म्हणूनच गावची शाळा 'डिजिटल' झाली का, याची जितक्या हिरिरीने चर्चा होते, तितकीच चर्चा अध्यापक महाविद्यालयात काय चालते याची व्हायला हवी. ती होत नाही, हे आपले दुर्दैव आहे.

पन्नास वर्षांचा अनुभव काय सांगतो?

शैक्षणिक तंत्रज्ञान ही गेल्या दहा-वीस वर्षांतील नवलाई आहे, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने १९७२ मध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा प्रकल्प हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत, म्हणजेच एनसीईआरटीत, त्यासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. डॉ. विक्रम साराभाई यांनी पाहिलेले उपग्रहाद्वारे शिक्षणाचे स्वप्न त्यांच्या पश्चात १ ऑगस्ट १९७५ रोजी साकार झाले. 'साइट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रयोगात अमेरिकेच्या 'नासा'चा उपग्रह वर्षभर वापरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्यात आले.

या प्रयोगाच्या एका अंगाकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. त्या वर्षभरात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे, याचे बारा-बारा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. नुसता दूरचित्रवाणी संच त्यांच्यासमोर मांडून ठेवला नव्हता. पडद्यावरील पाठाला नभोवाणी, छापील साहित्य आणि प्रत्यक्ष कृती यांची जोड होती. ज्या काळात खेड्यात वीजही धड नव्हती, त्या काळात आपल्या शास्त्रज्ञांना आणि शिक्षणतज्ज्ञांना एक गोष्ट उमगली होती. यंत्र वर्गात नेण्यापूर्वी वर्गातील माणसाची तयारी करावी लागते.

हा धडा पुढे विसरला गेला. १९८४-८५ मध्ये निवडक शाळांमध्ये बीबीसी बनावटीचे छोटे संगणक आले. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' उभी राहिली. तिने मराठी मुलांसाठी केलेले कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेली एक पिढी आज पालक झाली आहे. पण ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण ज्यांना 'डाएट' म्हणतो त्या, स्थापन झाल्या. त्यांच्या सात विभागांपैकी एक विभाग शैक्षणिक तंत्रज्ञानाचा असावा, अशी दूरदृष्टी त्या रचनेत होती. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' हा भारतीय उपग्रह श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये स्वस्त 'आकाश' टॅब्लेटचा गाजावाजा झाला आणि थोड्याच काळात तो विरला. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळांनी गावकऱ्यांच्या वर्गणीतून प्रक्षेपक आणि पडदे बसवले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले.

या प्रत्येक प्रयत्नामागे सद्हेतू होता, यात शंका नाही. क्रम मात्र बहुतेक वेळा एकच राहिला. आधी यंत्र आले, मग त्यावर दाखवायचे साहित्य आले, मग सेवेतील शिक्षकांना दोन-चार दिवसांचे घाईघाईचे प्रशिक्षण मिळाले. शिक्षक होण्यासाठी शिकत असलेला तरुण या साखळीत कुठेच नव्हता. तो आपल्या महाविद्यालयात जुन्याच वाटेने जात राहिला आणि नोकरीला लागल्यावर एके दिवशी त्याच्यासमोर यंत्र येऊन उभे राहिले.

हा क्रम उलटा असल्याची किंमत काय असते, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने जगासमोर ठेवले आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या चळवळीच्या प्रभावाखाली त्या देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांना वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेचा या योजनेविषयीचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचा संगणकाशी संबंध वाढला; पण गणितातील आणि भाषेतील प्रगतीवर काहीही परिणाम आढळला नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. जे एवढ्या खर्चाने साधले नाही, ते आपल्याकडे नुसत्या पडद्यांनी साधेल असे मानण्यास आधार नाही.

एक प्रश्नपत्रिका, एक खोली, एक दाखला

अभ्यासक्रमात या विषयाला स्थानच नाही, असे कोणी म्हणेल तर ते अन्यायाचे होईल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ मध्ये नवे विनियम केले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यात व्यावसायिक क्षमता वाढवणारे चार घटक आहेत. त्यांपैकी तिसरा माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनाचा आहे. 'चिकित्सक' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. यंत्र कसे चालवावे एवढेच नव्हे, तर ते केव्हा वापरावे, केव्हा बाजूला ठेवावे, त्यामागे कोणाचे हितसंबंध आहेत, हे भावी शिक्षकाला कळावे, असा त्या शब्दाचा अर्थ आहे.

कागदावर उत्तम असलेल्या या घटकाचे प्रत्यक्षात काय होते? पुष्कळ ठिकाणी तो एक सुटा विषय होऊन बसतो. त्यासाठी वेगळी तासिका, वेगळी खोली आणि बहुधा वेगळा प्राध्यापक असतो. संगणकाचे भाग कोणते, सादरीकरण कसे तयार करावे, तक्ता कसा भरावा, एवढे शिकवून आणि एक फाइल जमा करून घेऊन तो संपतो. मराठीच्या, गणिताच्या, विज्ञानाच्या अध्यापन पद्धतीचे प्राध्यापक आपापल्या तासाला पूर्वीप्रमाणेच शिकवत राहतात. त्यांचा त्या खोलीशी संबंध येत नाही. पत्रकारितेच्या निमित्ताने अशा काही महाविद्यालयांत जाण्याचे प्रसंग आले. एका ठिकाणी महागडा परस्परसंवादी फळा भिंतीवर होता आणि त्याच्या शेजारी उभे राहून एक विद्यार्थिनी पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांनी सरावपाठ घेत होती. तिचा पाठ चांगला होता. प्रश्न तिचा नव्हताच. त्या फळ्याचा तिच्या पाठाशी काही संबंध असू शकतो, हे तिला कोणी सांगितलेलेच नव्हते.

सेवेतील शिक्षकांच्या बाबतीतही आपण हाच मार्ग धरला. एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने २००१ पासून महाराष्ट्रात संगणक साक्षरता घरोघर नेली, याबद्दल त्याला श्रेय द्यायलाच हवे. परंतु शिक्षकांसाठी त्याचा संबंध वेतनवाढीशी जोडला गेला आणि दाखला मिळाला की विषय संपला, अशी वृत्ती बळावली. संगणक चालवता येणे आणि संगणकाच्या साहाय्याने शिकवता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याला उत्तम गाडी चालवता येते, तो उत्तम वाटाड्या असतोच असे नाही.

आशययुक्त अध्यापनाची पुढची पायरी

मग या दोन गोष्टींना जोडणारा दुवा कोणता? १९८६ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला. विषयाचे ज्ञान वेगळे आणि शिकवण्याच्या पद्धतीचे ज्ञान वेगळे, असे मानून शिक्षक घडवता येत नाही. विशिष्ट आशय विशिष्ट मुलांना कसा समजेल, हे स्वतंत्र असे तिसरेच ज्ञान आहे. महाराष्ट्रात बी.एड. केलेल्यांना 'आशययुक्त अध्यापन' हा शब्द परिचित आहे. शुलमन यांच्या विचाराशी त्याचे जवळचे नाते आहे. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन अभ्यासकांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. मिश्रा हे मूळचे भारतीय, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. आशय, अध्यापन आणि तंत्र ही तीन वर्तुळे जेथे एकमेकांना छेदतात, तेथे शिक्षकाचे खरे कौशल्य असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद उभा राहतो. तेव्हा स्वतःची विद्या आणि ती दुसऱ्यात संक्रमित करण्याचे सामर्थ्य, हे दोन्ही ज्याच्या ठायी असेल तो शिक्षकांत अग्रगण्य, अशी कसोटी तेथे लावली जाते. परीक्षा होते ती शिष्यांच्या प्रयोगावरून. शिक्षक किती जाणतो यापेक्षा शिष्याला किती आले, हे पाहण्याची ही दृष्टी आज यंत्रांच्या गदारोळात अधिकच मोलाची आहे.

हे सारे तत्त्वचर्चेपुरते राहू नये, म्हणून वर्गातील काही उदाहरणे पाहू. भूगोलात समोच्च रेषा शिकवायच्या आहेत. पुस्तकातील नकाशावर मुलांना नुसती वेडीवाकडी कडी दिसतात. शिक्षकाने आधी मुलांकडून बटाटा आडवा कापून त्याच्या चकत्या कागदावर गिरवून घेतल्या आणि मग उपग्रह-नकाशावर रायगडाचा कडा तिरका करून दाखवला, तर जेथे रेषा दाटतात तेथे चढ उभा असतो, हे मुले कधी विसरणार नाहीत. येथे पडद्याने असे काही दाखवले, जे फळ्याला दाखवता येत नाही. मराठीच्या तासाला एकाच फोनवर मुलांचे प्रकट वाचन मुद्रित करून त्यांचे त्यांनाच ऐकवले, तर विरामचिन्हे कोठे गिळली, हे त्यांना न सांगताच कळते. विज्ञानात मटकीला मोड कसे येतात, हे रोज ठरावीक वेळी एक छायाचित्र घेऊन मुलांनीच नोंदवले, तर निरीक्षणाची शिस्त लागते.

उलट बाजूही आहे. चुंबकाचा पाठ पडद्यावर दाखवणे हा मुलांवर अन्याय आहे. चुंबक त्यांच्या हातात हवा. अपूर्णांक समजण्यासाठी भाकरीचे चार तुकडे चित्रफितीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. यंत्र कोठे वापरायचे नाही, याचा निर्णय करता येणे, हीसुद्धा शैक्षणिक तंत्रज्ञानातील पारंगतताच आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, पाने, बिया, दगड यांतून आदिवासी मुलांसाठी शैक्षणिक साधने उभी केली. त्या साधनांत वीज नव्हती. पण प्रत्येक साधनामागे मूल कसे शिकते याचा विचार होता. साधनाचा हा विवेक शिकवणारा तास आज कोणत्या महाविद्यालयात होतो, असे विचारले तर उत्तर शोधावे लागेल.

छत्तीस मिनिटे आणि एक आरसा

शिक्षकशिक्षणात तंत्रज्ञान आणायचे म्हणजे लाखोंचा खर्च, असे संस्थाचालकांना वाटते. त्यांनी सूक्ष्म अध्यापनाचा इतिहास पाहावा. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन यांनी ही पद्धत रूढ केली. छात्राध्यापकाने पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, एकाच कौशल्यावर लक्ष द्यायचे, मग आपलेच चित्रमुद्रण पाहून दोष हेरायचे आणि पुन्हा पाठ घ्यायचा. चित्रमुद्रण यंत्र हा तेथे या पद्धतीचा मोठा आधार होता. शिकवणाऱ्याला स्वतःला पाहता यावे, ही तिच्यामागची कल्पना होती.

भारतात ही पद्धत रुजली, तेव्हा असे यंत्र बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्यात नव्हते. आपल्या शिक्षणतज्ज्ञांनी हार मानली नाही. यंत्राविना चालणारे भारतीय प्रतिमान त्यांनी तयार केले. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, अशी ही छत्तीस मिनिटांची रचना आहे. विद्यार्थ्यांच्या जागी सहाध्यायीच बसतात आणि दोषही तेच सांगतात. बी.एड. झालेल्या प्रत्येकाच्या स्मरणात हा प्रसंग असेल. मित्र मित्राचे दोष किती सांगणार? बहुतेक वेळा निरीक्षण तक्त्यावर खुणा होतात आणि सर्वांना चांगले गुण मिळतात.

परिस्थितीची गंमत अशी की, जे यंत्र अर्ध्या शतकापूर्वी परवडत नव्हते, ते आज बहुतेक छात्राध्यापकांच्या खिशात आहे. तरीही सूक्ष्म पाठ यंत्राविनाच होतात. एक फोन खिडकीत उभा करून ठेवला, तर आपण प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती क्षण थांबतो, मागच्या बाकाकडे किती वेळा पाहतो, मुलांचे उत्तर ऐकतो की आपणच पूर्ण करतो, फळ्याशी बोलतो की मुलांशी, हे सारे डोळ्यांसमोर येते. असे स्वतःला पाहणे प्रथम अप्रिय वाटते. पण त्यातून जी सुधारणा होते, ती दहा व्याख्यानांनी होत नाही. यासाठी ना स्मार्ट फळा लागतो, ना अनुदान. लागते ती प्राध्यापकाने शेजारी बसून ते चित्रमुद्रण विद्यार्थ्याबरोबर पाहण्याची तयारी.

माझ्या मते, शिक्षकाच्या घडणीत तंत्रज्ञानाचे पहिले स्थान आरशाचे आहे, प्रदर्शनाचे नंतरचे. ज्याने स्वतःचे अध्यापन त्रयस्थपणे पाहिले आहे, तोच पुढे कोणते साधन केव्हा हाती घ्यावे याचा निर्णय करू शकतो.

शिक्षकाचा शिक्षक

येथे विषय अपरिहार्यपणे प्राध्यापकांवर येतो. न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा शिक्षकशिक्षणावरील अहवाल २०१२ मध्ये आला. त्या आयोगाची नियुक्ती सर्वोच्च न्यायालयाने ज्या वादात केली, तो महाराष्ट्रातीलच डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा होता, हे आपण विसरू नये. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या आयोगाचा हवाला देऊन अत्यंत कठोर शब्दांत नोंदवले आहे की, दहा हजारांहून अधिक असलेल्या एकल शिक्षकशिक्षण संस्थांपैकी बहुसंख्य संस्था गांभीर्याने शिक्षक घडवण्याचा प्रयत्नही करत नाहीत. त्या पैसे घेऊन पदव्या विकतात. ज्या संस्थेत मूळ कामच होत नाही, तेथे तंत्रज्ञानाचा समावेश कसा होणार?

याच धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षक होण्याची किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे. २०२३-२४ पासून देशातील ५७ संस्थांत तिचा प्रायोगिक आरंभ झाला. विषयाचे शिक्षण आणि अध्यापनाचे शिक्षण एकाच छताखाली, चार वर्षे सलग, ही रचना तंत्रज्ञानाच्या समावेशाला अतिशय अनुकूल आहे. पण प्राध्यापक तेच आणि पद्धत तीच राहिली, तर दोन वर्षांत जे होत नव्हते, ते चार वर्षे होणार नाही, एवढाच फरक पडेल. ज्या प्राध्यापकाने स्वतःच्या वर्गात कधी साधन वापरले नाही, त्याचे विद्यार्थी ते वापरतील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिक्षक जसा शिकला तसाच शिकवतो.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ही उणीव उघडी पडली. शासनाने घरच्या घरी अभ्यासासाठी उपक्रम सुरू केले. हजारो शिक्षकांनी फोनवरून, गटांतून, काही ठिकाणी मंदिराच्या ओसरीवर बसूनही मुलांना शिकवले. त्यांची निष्ठा वादातीत होती. परंतु पडद्यावरून शिकवताना मुलाला बोलते कसे करायचे, दूर बसलेल्या मुलाला कळले की नाही हे कसे तपासायचे, याची तयारी त्यांच्या पदवीने करून दिलेली नव्हती. जे केले, ते त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केले.

स्वतःच्या बुद्धीने किती दूर जाता येते, याचे उदाहरण म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी. येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही त्यांच्या शिक्षकपणाची खूणच म्हणायची. त्यांच्या क्यूआर कोडची कीर्ती सर्वत्र झाली. पण त्यामागचे कारण कमी लोकांना ठाऊक आहे. शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकाची भाषा वेगळी. म्हणून त्यांनी पाठ मुलींच्या मातृभाषेत आणले आणि पुस्तकात छापलेल्या कोडमागे कविता, गोष्टी, चित्रफिती ठेवल्या. आधी मुलींची अडचण दिसली, मग तंत्र शोधले गेले. हा क्रम शिकवता येतो. तो शिकवण्याची जागा म्हणजे अध्यापक महाविद्यालय. असा शिक्षक योगायोगाने मिळण्याची वाट पाहणे हे समाजाचे धोरण असू शकत नाही.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

यावर काही विचारवंत म्हणतील, मुले आधीच पडद्याच्या आहारी गेली आहेत, शिक्षकालाही त्यातच का ओढता? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळांत संगणकांवर मोठा खर्च करणाऱ्या देशांत वाचन, गणित वा विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसली नाही, असे ओईसीडी या संघटनेने २०१५ मध्येच नमूद केले होते. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांकडे पुन्हा वळण्याची भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या युनेस्कोच्या शिक्षणविषयक अहवालाने तंत्रज्ञान हे कोणाच्या अटींवर चालणारे साधन आहे, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. शिक्षकांच्या तंत्रकौशल्यासाठी निश्चित मानके जगातील निम्म्याच देशांत आहेत, हेही त्यात सांगितले आहे.

पण या पुराव्यांचा अर्थ शिक्षकाला यंत्रापासून दूर ठेवावे, असा होत नाही. अप्रशिक्षित हातातील यंत्र निष्फळ ठरते, हा त्यांचा अर्थ आहे. शिक्षकाने पाठ फिरवली, म्हणून यंत्र थांबत नाही. ते शिक्षकाला वगळून थेट मुलाकडे जाते. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन मिरवणारी 'बायजूज' ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मधल्या काळात किती मध्यमवर्गीय कुटुंबांनी मुलांच्या अभ्यासासाठी हप्ते बांधून घेतले, हे आपण आपल्या आसपास पाहिले आहे. एखाद्या पाठाची गुणवत्ता पारखून पालकांना योग्य सल्ला देणारा शिक्षक जवळ असता, तर कित्येकांचे पैसे वाचले असते.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता दारात आली आहे. तिसरीपासूनच तिचा परिचय करून देण्याचा मनोदय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. बी.एड.चा विद्यार्थी आज पाठ टाचण क्षणार्धात यंत्राकडून लिहून घेऊ शकतो. टाचण लिहिण्याचा हेतू कागद भरणे हा नसून मुलांचा आधीच विचार करून ठेवणे हा आहे, हे त्याला कोणी समजावले नसेल, तर त्याची पदवी आणि त्याचे अध्यापन दोन्ही पोकळ राहतील. शिवाय मुलांच्या माहितीचा प्रश्न आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद केली आहे. हा कायदा आपल्या भावी शिक्षकांना कोणत्या तासाला शिकवला जातो?

करावयाचे काय?

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, तंत्रज्ञानाची वेगळी प्रश्नपत्रिका ठेवावी वा न ठेवावी. पण प्रत्येक अध्यापन पद्धतीच्या विषयात त्या त्या आशयाला अनुरूप साधनांचा विचार सक्तीचा असावा. दुसरा, प्रत्येक छात्राध्यापकाने किमान तीन पाठांचे चित्रमुद्रण प्राध्यापकांसह पाहून त्यावर स्वतःचे परीक्षण लिहावे. तिसरा, दोन वर्षांच्या बी.एड.मधील वीस आठवड्यांच्या आंतरवासितेचा काही भाग अशा शाळेत व्हावा, जेथे एकच फोन आहे आणि वीज येते-जाते. तेथे जो साधन वापरू शकला, तो कोठेही वापरू शकेल. चौथा, 'डाएट'मधील शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग जिल्ह्यातील अध्यापक विद्यालयांच्या प्राध्यापकांसाठी कार्यरत करावा. विद्यार्थ्यांआधी प्राध्यापकांची तयारी व्हावी. पाचवा, गुण देताना सादरीकरण किती आकर्षक होते हे न पाहता, त्या पाठाने मुलांना काय आले, हे पाहावे. कालिदासाची कसोटी आजही तीच आहे.

यातील बराच भाग शासनाच्या हाती आहे. तरी समाजाचे काम संपत नाही. आपल्या वाचकांपैकी अनेक जण शिक्षणसंस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, अनेक जण गावच्या शाळेला देणगी देतात. प्रक्षेपक दिला की त्यावर नाव कोरता येते. शिक्षकाच्या घडणीवर नाव कोरता येत नाही. म्हणून देणगी यंत्राकडे वळते. पुढच्या वेळी टॅब्लेट देण्याआधी त्या शाळेतील शिक्षकांना ते वापरण्याची तयारी कोण करून देणार, एवढे विचारावे आणि देणगीचा काही अंश त्यासाठी राखून ठेवावा. आपल्या संस्थेचे अध्यापक महाविद्यालय असेल, तर एखाद्या दुपारी तेथे जाऊन एक सूक्ष्म पाठ शेवटपर्यंत पाहावा. घरातील मुलगा वा मुलगी बी.एड.ला प्रवेश घेत असेल, तर शुल्क आणि वसतिगृहाबरोबरच तेथे पाठ कसे घेतले जातात, तपासतात कोण, हेही विचारावे. पालकांनी विचारलेला प्रश्न संस्थाचालकांना टाळता येत नाही.

खेड्यातील शाळेत पुढची तीस वर्षे शिकवणारा शिक्षक आज कोणत्या तरी अध्यापक महाविद्यालयात बसला आहे. त्याच्या हाती येणारी यंत्रे या काळात अनेकदा बदलतील. आजची साधने तोवर संग्रहालयात गेलेली असतील. त्याला कोणते यंत्र शिकवावे, याची चिंता म्हणूनच व्यर्थ आहे. मुलाची अडचण ओळखणे, तिच्यासाठी योग्य साधन निवडणे, ते निरुपयोगी ठरल्यास खाली ठेवणे आणि आपल्या अध्यापनाकडे तटस्थपणे पाहणे, एवढे त्याच्या अंगी बाणले तर कोणतेही यंत्र त्याचे सेवक होईल. ते बाणवण्याची वेळ पदवी हाती पडण्यापूर्वीची आहे, नंतरची नव्हे.